बिब्बा, मोडशी आणि १५६३ चे एक पुस्तक
(प्रस्तावना)

ज्या पुस्तकासाठी हा सारा खटाटोप केला, त्याची मूळ प्रत मी पाहिलेली नाही. पुढे कधी पाहायला मिळेल अशी आशाही नाही. १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात छापून झालेले हे पोर्तुगीज पुस्तक आज जगातल्या मोजक्या ग्रंथालयांत जपून ठेवलेले आहे, आणि तिगावातून कुठेही जायचे म्हटले की आधी पांढुर्णा नाहीतर नागपूर गाठावे लागते. तेव्हा हाताशी जे होते त्यावर भागवले. सर क्लेमेंट्स मार्कहॅमने १९१३ मध्ये केलेले इंग्रजी भाषांतर, त्यातल्या अडलेल्या जागी काउंट फिकाल्यूच्या १८९१ आणि १८९५ च्या दोन पोर्तुगीज खंडांतला पाठ, आणि एक शब्दकोश. फिकाल्यूच्या टिपा आमच्यापैकी कोणालाच सरळ वाचता येत नाहीत. एकेक शब्द कोशात बघत आम्ही त्या चाचपत वाचल्या.

'आम्ही' म्हणजे पाच-सहा जण. आंबिया बहाराची तोड आटोपली की संध्याकाळी थोडी मोकळीक मिळते. गेल्या दोन हिवाळ्यांत त्या वेळात बसून आम्ही हे पुस्तक वाचले. एक वाक्य इंग्रजीत, मग त्याचे मराठी, मग त्यावर वाद, असा आमचा क्रम होता. मंडळींत एक आयुर्वेदाचे वैद्य होते आणि एक किराणा दुकानदार. सगळ्यांत जास्त उपयोग दुकानदाराचा झाला. हिंगाचे प्रकार, पिंपळीची प्रत, वेलदोड्याचा बारीक-मोठेपणा यांवर चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वीचा लेखक काय म्हणतो हे आम्हाला कोशातून शोधावे लागे. तो बसल्या बसल्या सांगे. या पुस्तिकेत आम्ही निवडलेल्या संवादांचा मराठी सारांश आणि आमची टिपणे आहेत. मूळ पुस्तक काय होते आणि ते आपण का वाचावे, एवढे सांगणे हे या प्रस्तावनेचे काम.

पुस्तकाचे नाव लांबलचक आहे. आपण त्याला नुसते 'संवाद' म्हणू. विषय भारतातली काष्ठौषधी, मसाले, फळे, रत्ने. लेखक गार्सिया द ओर्ता, पोर्तुगालमधल्या कास्तेलो दे विदे या गावचा, जन्म १५०१ च्या सुमाराचा. सालामांका आणि अल्काला या स्पेनच्या विद्यापीठांत तो शिकला, काही वर्षे लिस्बनला शिकवले, आणि १५३४ च्या सप्टेंबरात मार्तिम आफोन्सो द सौझाच्या आरमाराबरोबर वैद्य म्हणून गोव्याला उतरला. परत गेला नाही. चौतीस वर्षे इथेच राहून १५६८ मध्ये गोव्यात वारला. त्याच्या नावाने छापलेले मोठे पुस्तक हे एकच.

पुस्तकात दोन मुख्य पात्रे. एक ओर्ता स्वतः, दुसरा रुआनो नावाचा वैद्य. हा रुआनो काल्पनिक आहे, ओर्ताबरोबर स्पेनमध्ये शिकलेला आणि नुकताच गोव्याला आलेला, अशी कल्पना. तो प्रश्न विचारतो, ग्रंथांचे दाखले देतो, डायोस्कोरिडीझ काय म्हणाला, प्लिनी काय म्हणाला, गॅलेन काय म्हणाला ते सांगतो. ओर्ता ऐकून घेतो आणि म्हणतो, बरे, आता झाड बघू. औषधे वर्णमालेच्या क्रमाने येतात, त्यामुळे कोरफड पहिल्यांदा, आणि तिच्या मागोमाग, चार पावलांवर, बिब्बा.

बिब्ब्यापाशी आम्ही आठ दिवस अडकलो. आमच्याकडे सातपुड्याच्या उतारावर बिब्बा हे काही अप्रूप नाही. पायात काटा मोडला, टाच भेगाळली की आजी सुई तापवून बिब्ब्यात टोचायची आणि वर आलेले काळे तेल अचूक जागी टेकवायची. जागा चुकली तर बिब्बा उततो. मला सातव्या-आठव्या वर्षी उतला होता, आणि डाव्या पोटरीवर अजून रुपयाएवढा डाग आहे. गावचा परीट कपड्यांवर खुणा करायचा त्याही बिब्ब्याच्याच. कपडा फाटला तरी खूण जात नसे. आणि कोणाच्या ठरल्या कामात कोणी खोडा घातला की आपण म्हणतो, त्याने बिब्बा घातला. इतके हे झाड आपल्या भाषेत मुरलेले आहे.

तर १५६३ च्या त्या छापील पानावर ओर्ता लिहितो की या फळाला ग्रीकांच्या मागे जाऊन 'आनाकार्दो' म्हणतात, कारण ते हृदयासारखे दिसते. अरब 'बलादोर' म्हणतात. आणि इथले लोक 'बिबो'. बस्स, एवढेच. आमच्या वैद्यांनी मार्कहॅमचे पुस्तक हातातून घेतले, ते पान डोळ्यांजवळ नेले आणि म्हणाले, "हा तर आपला बिबा." पुढे ओर्ता सांगतो की कच्ची फळे मिठात मुरवतात, त्याला 'आचार' म्हणतात आणि पोर्तुगालमध्ये जसे ऑलिव्ह विकतात तसे ते इथल्या बाजारात विकायला असते. बिब्ब्याचे लोणचे आमच्यात कोणी खाल्लेले नाही. दुकानदाराने मात्र गोडंबीचा विषय काढला आणि तो आठवडा गोडंबीच्या लाडवांवर गेला.

इथे एक मजा सांगायची राहते. 'आनाकार्दो' हे ग्रीक नाव बिब्ब्याचे, पण ते बिब्ब्यापाशी टिकले नाही. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून काजू आणला, आणि पुढे ते नाव काजूकडे गेले; दोन्ही झाडे तशी एकाच कुळातली. आज वनस्पतिशास्त्रात काजू 'अ‍ॅनाकार्डियम' आहे आणि बिब्बा 'सेमेकार्पस', म्हणजे खुणेचे फळ. ओर्ता काजूचा उल्लेखच करत नाही. तो दिसतो त्याच्यानंतर पंधरा वर्षांनी, १५७८ मध्ये आलेल्या क्रिस्तोबाल आकोस्ताच्या स्पॅनिश ग्रंथात. ग्रीक नाव असे एका झाडावरून दुसऱ्या झाडावर गेले. 'बिब्बा' मात्र जिथे होता तिथेच आहे.

आता वाचक विचारेल की औषधांच्या या पुस्तकाला युरोपातल्या प्रबोधनकाळाच्या विद्वत्तेशी काय देणेघेणे. तर पुष्कळ आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय ओर्ता काय करत होता हे कळत नाही.

पंधराव्या शतकाच्या शेवटी इटलीतल्या विद्वानांना एक ध्यास लागला होता. मध्ययुगात नकलांच्या नकला होऊन जुन्या ग्रंथांचे पाठ बिघडले होते. तेव्हा मूळ ग्रीक पोथ्या शोधायच्या, एकमेकींशी ताडून बघायच्या, चुका काढायच्या आणि शुद्ध पाठ छापायचा. व्हेनिसच्या आल्डस मानुटियसने १४९९ मध्ये डायोस्कोरिडीझचा औषधीग्रंथ ग्रीकमध्ये छापला. त्याच्या आधी १४९२ मध्ये फेराराच्या लिओनिचेनोने प्लिनीच्या औषधविषयक चुका दाखवणारे पुस्तक काढून खळबळ उडवली होती. ओर्ता ज्या अल्कालाला शिकला, तिथे नेब्रिहासारखा व्याकरणकार होता आणि १५१८ मध्ये त्याच्याच देखरेखीखाली डायोस्कोरिडीझची लॅटिन आवृत्ती निघाली होती. थोडक्यात, शब्द तपासणे, पाठ शुद्ध करणे हे त्या काळी तरुण वैद्यालाही शिकावे लागे. ओर्ताच्या पुस्तकाचा संवादाचा घाटही त्या विद्वानांच्या आवडीचा. प्लेटो आणि सिसरो वाचून त्यांनी तो उचलला होता.

हे मराठी वाचकाला परके वाटायला नको. त्याच शतकात पैठणला एकनाथमहाराज हेच काम करत होते. ज्ञानेश्वरी लिहून होऊन जवळजवळ तीनशे वर्षे झाली होती, लोकांनी तिच्यात ओव्या घुसडल्या होत्या, नकलकारांनी शब्द बदलले होते. नाथांनी पोथ्या जमवून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध पाठ सिद्ध केला. आल्डसचा छापखाना आणि नाथांचा वाडा यांत समुद्र आहे, पण दोन्हीकडे काळजी एकच: मूळ काय होते? मराठी साहित्याच्या इतिहासात नाथांच्या या कामाकडे भक्तीचा भाग म्हणूनच पाहिले जाते. ते पाठचिकित्सेचे काम होते, आणि अव्वल दर्जाचे होते, हे आपण ठासून सांगत नाही, हे माझे जुने दुखणे आहे.

ओर्ताने मात्र या विद्येला एक वळण दिले. डायोस्कोरिडीझची पोथी कितीही शुद्ध केली तरी त्यातली दालचिनी कुठल्या झाडाची साल हे पोथीत सापडणार नाही, हे त्याला गोव्याला आल्यावर उमगले. ग्रीक लोकांनी चिंचेचे झाड पाहिलेच नव्हते. अरबांनी चिंचेला 'तमर-ए-हिंद', हिंदुस्थानचा खजूर, असे नाव दिले, आणि युरोपातल्या कित्येकांनी त्या नावावरून ते खजुरासारखे फळ असावे असे धरले. ओर्ता सांगतो की खजुराचा इथे संबंध नाही, या लोकांचा शब्द 'अंबिली' आहे, झाड मोठे असते आणि मी त्याच्याखाली उभा राहिलो आहे. पाठशुद्धीसाठी पोथ्या ताडायच्या, ती सवय त्याने बाजारात नेली. पोथीच्या जागी आता व्यापारी, वैद्य, माळी, खलाशी होते. एकाच वस्तूचे नाव अरबीत काय, फारसीत काय, गुजरातीत, मलबारात, दख्खनीत, 'कानारीं'त, म्हणजे त्यांच्या भाषेत कोंकणीत, काय, अशी तो पाच-सहा भाषांची माळ लावतो. स्पेनमध्ये असतो तर गॅलेनच्या विरुद्ध बोलायची आपली छाती झाली नसती, असेही तो एका ठिकाणी कबूल करतो.

रुआनोविषयी आमच्यात वाद झाला. काहींना तो कंटाळवाणा वाटला, सारखा ग्रंथांचे दाखले देणारा. मला तो ओर्ताचाच जुना चेहरा वाटतो. १५३४ मध्ये जहाजातून उतरलेला तरुण आणि १५६३ मधला म्हातारा वैद्य एकमेकांशी बोलत बसले आहेत, असे धरून वाचले की पुस्तकाला वेगळीच धार येते.

ओर्ता केवळ गोव्यापुरता राहिला असता तर त्याच्या पुस्तकात मराठी मुलूख इतका दिसला नसता. तो अहमदनगरला जाऊन-येऊन होता. पहिला बुऱ्हाण निजामशाह त्याचा रुग्ण आणि त्याचा मित्रही. पुस्तकात त्याचे नाव 'निझामोशा' असे येते. पोर्तुगीजात 'एक्स'चा उच्चार श होतो, हे इथे लक्षात ठेवावे, पुढे उपयोगी पडेल. दरबारात इराणी आणि अरब हकीम होते, त्यांच्याशी ओर्ता औषधांवर बोलत असे आणि सुलतानही त्या चर्चेत भाग घेत असे. गमतीचा भाग असा की एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी ज्या देवगिरीच्या किल्ल्यावर होते, तो याच निजामशाहीत होता. दख्खनच्या पाच शाह्या कशा निर्माण झाल्या हेही ओर्ता सांगतो आणि त्यात आपल्या शेजारच्या वऱ्हाडचा इमादशाही राजा 'इमादेमालुको' या नावाने येऊन जातो. एवढा उल्लेख वाचूनही आमच्या बैठकीत आनंद झाला होता. त्याहून फार काही नाही; अचलपूर-गाविलगडविषयी तो विशेष बोलत नाही, आणि आपल्या जाम नदीपर्यंत तो कधी आला असे मानायला काही आधार नाही.

निजामशाहपेक्षा मोलाचा मला मालुपा वाटतो. निशोत्तराच्या संवादात हा हिंदू वैद्य येतो. ओर्ता त्याला बोलावून घेतो, विचारतो आणि तो सांगतो. शहाण्यासुरत्या युरोपीय माणसाच्या छापील पुस्तकात एक देशी वैद्य नावानिशी उभा राहून बोलतो, ही गोष्ट त्या शतकात साधी नाही. तशीच आंतोनिया. ही ओर्ताच्या घरची दासी. ती बागेतून पाने आणते, फळे आणते, आणि धोत्र्याच्या संवादात कोणा बाईला घरच्याच मोलकरणीने धोत्रा खाऊ घालून दागिने लांबवल्याची हकिकत येते. ओर्ताचे अर्धे ज्ञान स्वयंपाकघरातून आले असणार, असे मला वाटते. पण हे म्हणताना तो गुलाम बाळगणारा माणूस होता हेही विसरू नये.

आता मोडशी. सतराव्या संवादात रुआनो आणि ओर्ता बोलत असताना एक नोकर धावत येतो: एका मोठ्या माणसाच्या भावाला दुखणे झाले आहे, लगेच चला. दुखण्याचे नाव पोर्तुगीजात लिहिले आहे 'एमओआरएक्सआय'. वर सांगितलेला उच्चार लावला तर होते 'मोर्शी'. आमच्या बैठकीत हशा पिकला, कारण वरूडच्या पलीकडचे मोर्शी सगळ्यांना माहीत, तिथे कोणाची सासुरवाडी, कोणाचा संत्र्याचा व्यापारी. वैद्य मात्र हसले नाहीत. "मोर्शी नाही, मोडशी," ते म्हणाले. आपण आज अपचन झाले, पोट बिघडले की मोडशी झाली म्हणतो. ओर्ताच्या काळी हा शब्द पटकीसाठी होता. त्याने लक्षणे दिली आहेत ती वाचताना अंगावर काटा येतो. नाडी लागत नाही, अंग गार, घाम, डोळे खोल गेलेले, पायात वांब, एका दिवसात माणूस हातचा जातो. देशी उपाय म्हणून तो मिरी-जिरे घातलेल्या पेजेचा आणि टाचेला डाग देण्याचा उल्लेख करतो. युरोपीय माणसाने स्वतः खाटेजवळ बसून केलेले, इतके जुने आणि इतके नेमके पटकीचे वर्णन माझ्या वाचनात दुसरे नाही.

हा शब्द पुढे प्रवासाला निघाला. ओर्ता स्वतःच म्हणतो की पोर्तुगीज त्याचा अपभ्रंश 'मोर्देशी' असा करतात. तेच पुढे 'मोर्देशीं' झाले, आणि फ्रेंच खलाशांच्या तोंडी पडून त्याचे झाले 'मोर-द-शियाँ', म्हणजे कुत्र्याची मौत. शब्द मराठी-कोंकणी, अर्थ फ्रेंच, आणि रोग तोच. १८८६ मध्ये यूल आणि बर्नेल यांनी आपल्या अँग्लो-इंडियन कोशात ही साखळी उलगडून दाखवली, आणि त्यात ओर्ताच्या या पानाचाही दाखला आहे. गोव्याचे मोन्सिन्योर दालगादो यांनी पुढे १९१९ पासून दोन खंडांत काढलेल्या आपल्या कोशातही ओर्ता पदोपदी साक्षीला येतो.

आंब्याचा संवाद आम्ही पुस्तिकेत पुरा दिला आहे, म्हणून इथे थोडक्यात सांगतो. मुंबईचे बेट १५५४ च्या सुमारास ओर्ताकडे भाडेपट्ट्याने होते, वर्षाला सुमारे १४०० परदांवांच्या खंडावर. त्या मुंबईहून त्याच्या कुळाने पाठवलेली आंब्याची करंडी संवाद चालू असतानाच दारात येऊन पडते, आणि दोघे वैद्य औषधांची चर्चा सोडून आंबे खायला बसतात. वर्षातून दोनदा फळणाऱ्या एका झाडाचाही तो अभिमानाने उल्लेख करतो. मुंबईतला त्याचा वाडा म्हणून परंपरेने जी जागा सांगतात, ती आज एशियाटिक सोसायटीच्या इमारतीच्या मागे, नौदलाच्या आवारात आहे.

पुस्तकाच्या छपाईकडे वळतो. गोव्यात छापखाना आला तो अपघाताने. १५५६ मध्ये अ‍ॅबिसिनियाला निघालेले यंत्र वाटेत गोव्यालाच राहिले आणि सेंट पॉल कॉलेजात त्यावर काम सुरू झाले. सात वर्षांनी जुआंव द एंडेम नावाच्या मुद्रकाने ओर्ताचे पुस्तक हाती घेतले. ओर्ताने ते आधी लॅटिनमध्ये रचले होते, पण इथल्या लोकांना उपयोग व्हावा म्हणून पोर्तुगीजात आणले. आरंभी व्हाइसरॉयला उद्देशून लिहिलेले एक काव्य आहे, त्या वेळी गोव्यातच असलेल्या लुईश द कामोंइशचे. पुढे १५७२ मध्ये ज्याच्या महाकाव्याने तो पोर्तुगालचा राष्ट्रकवी ठरला, त्या कवीची छापून आलेली ही पहिली कविता. ती एका वैद्याच्या पुस्तकात आणि तीही गोव्यात छापली गेली.

आणि चुका! शेवटी शुद्धिपत्र आहे ते सुमारे वीस पानांचे, आणि यातही काही राहिले असेल अशी कबुलीही सोबत आहे. मी आयुष्यभर वह्या तपासल्या, त्यामुळे या शुद्धिपत्रावर माझा जीव जडला. आल्डसच्या शुद्ध पाठाच्या ध्यासाचा हा वारस गोव्याच्या पावसात, नवशिक्या हातांकडून, परक्या नावांचे खिळे जुळवून घेत होता. 'बिबो', 'मोर्शी', 'अंबिली' हे शब्द रोमन खिळ्यांत बसवताना जुळाऱ्याची काय त्रेधा उडाली असेल! देवनागरीचे खिळे तेव्हा कोणी पाडलेच नव्हते. फादर स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापले गेले तेही रोमन लिपीतच, आणि विल्यम केरीचे मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांसह सेरामपूरला निघाले ते १८०५ साली. म्हणजे आपला बिब्बा छापील पानावर आला, आणि आपल्या लिपीत येईपर्यंत अडीचशे वर्षे जायची होती.

युरोपने हे पुस्तक ओर्ताच्या हातून घेतले नाही. शार्ल द लेक्लूझ, विद्वानांच्या जगात क्लुसियस, हा फ्लेमिश वनस्पतिज्ञ १५६४ मध्ये पोर्तुगालमध्ये होता. त्याला प्रत मिळाली आणि त्याने १५६७ मध्ये अँटवर्पच्या प्लांटिनच्या छापखान्यातून लॅटिन संक्षेप काढला. त्याने खुणा आणि टिपा केलेली ओर्ताची ती प्रत आज केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. संक्षेप उत्तम आहे, नेटका आहे. त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या, इटालियन भाषांतर झाले, आणि युरोपभर भारतीय औषधींची माहिती गेली ती याच वाटेने. पण क्लुसियसने संवाद मोडला. रुआनो गेला, आंतोनिया गेली, मालुपाची साक्ष गेली, आंब्यांची करंडी गेली. उरली ती औषधे आणि त्यांचे गुणधर्म. काय खरे हे राहिले, कोणी सांगितले हे गेले. मला हा सौदा महाग वाटतो, आणि म्हणूनच या पुस्तिकेत आम्ही लॅटिन परंपरेला न लागता मूळ संवादाला धरून राहिलो आहोत.

ओर्ताच्या स्वतःच्या चुकाही आहेत. पांढरी आणि काळी मिरी वेगवेगळ्या वेलींवर येतात असे तो मानतो. आमच्या दुकानदाराने ते ऐकताच हात झटकला. इथल्या लोकांच्या धर्माविषयी तो तिरकस बोलतो. घारापुरीची लेणी त्याने पाहिली, त्यांचे वर्णन केले, ती गुरे आत शिरल्याने खराब होत चालल्याचे नोंदवले, पण मूर्तींकडे बघताना त्याला सैतान आठवतो.

हे त्याच्या तोंडी यावे यात एक क्रूर विसंगती आहे. ओर्ताचे आईबाप ज्यू. १४९२ मध्ये स्पेनमधून हाकलले गेले, आणि १४९७ मध्ये पोर्तुगालने त्यांना सक्तीने ख्रिस्ती केले. 'नवख्रिस्ती' हा शिक्का घेऊन तो वाढला. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन बसले, तेव्हा त्याचे पुस्तक तीन वर्षांवर होते. तो १५६८ मध्ये बिछान्यावर मेला. पुढच्याच वर्षी, १५६९ च्या ऑक्टोबरात, त्याची बहीण कातारीना गुप्तपणे ज्यू धर्म पाळते म्हणून जाळली गेली. तिच्या जबाबात भावाचे नाव होते. १५८० मध्ये ओर्ताची हाडे थडग्यातून काढून जाळली. हे सारे कागद १९३४ मध्ये आउगुश्तो द सिल्वा कार्व्हाल्यू या पोर्तुगीज वैद्यानेच उजेडात आणले. तोवर ओर्ताला एक सुखी, सन्मानित राजवैद्य म्हणून ओळखत असत. पणजीच्या मध्यभागी त्याच्या नावाची बाग आहे. तिथे बसणाऱ्यांना थडग्याची गोष्ट माहीत असेलच असे नाही.

वाचकाने ही पुस्तिका कुठूनही उघडावी. ओर्ताची वर्णमाला त्याच्या भाषेची आहे, आपल्याला तिचा क्रम पाळायचे कारण नाही. ज्याला कथा हवी त्याने आंब्यापासून किंवा धोत्र्यापासून सुरुवात करावी. ज्याला औषधांत रस आहे त्याने मोडशी आणि निशोत्तर आधी वाचावे. हिंगाचा संवाद स्वयंपाक करणाऱ्याने वाचला तर आमच्यापेक्षा त्यालाच जास्त कळेल. यातले औषधोपचार मात्र कोणी करून पाहू नयेत. बिब्ब्याचा तर नाहीच. माझी पोटरी दाखवायला मी तयार आहे.

आपला मुलूख मराठी बोलतो आणि हिंदी लिहितो. आमच्या नातवंडांना बिब्बा 'भिलावा' म्हणून शाळेत भेटतो, आणि तोही क्वचित. ओर्ताने एका नावापाशी पाच भाषा विचारल्या. आपल्याकडे निदान दोन-तीन तरी घरातच आहेत, गोंडी धरली तर आणखी एक. म्हणून पुस्तिकेची शेवटची आठ पाने आम्ही कोरी सोडली आहेत. तुमच्या शेतातल्या, बांधावरच्या, जंगलातल्या झाडाचे तुमच्या घरी जे नाव चालते ते त्यावर लिहा, कोणाकडून ऐकले त्या माणसाचे नावही शेजारी लिहा. आमच्या मजकुरात चुका सापडतील, त्याही तिथेच टिपा. वीस पानांइतक्या निघाल्या तर दुसऱ्या आवृत्तीत सगळ्या छापू.